आप्पांचं पथ्य

शाहूपुरीतल्या दुसऱ्या मजल्यावरची माझी पाटी मी गेल्या दसऱ्याला उतरवली. 'स्पोकन इंग्लिश, तीन महिन्यांत अस्खलित' असं तिच्यावर लिहिलेलं होतं. तीन महिन्यांत कुणी अस्खलित होत नसतं, हे मलाही माहीत होतं आणि येणाऱ्यांनाही. पण 'तीन वर्षांत थोडंफार' असं लिहिलं असतं तर दोन जिने चढून कोण आलं असतं? खाली मोटारपंपाच्या सुट्या भागांचं दुकान, त्याच्यावर एका वकिलांचं ऑफिस आणि वकिलांच्या डोक्यावर मी. अठ्ठावीस वर्षं. आता हे काम फोन करतो. फुकट करतो, आणि चुकलं तर माझ्यासारखा खेकसत नाही.

"काही गमतीजमती लिहा, मॅडम," असं या अंकाच्या संपादकांनी सांगितलं. गमती पुष्कळ आहेत. पण एक गोष्ट अशी आहे की ती लपवून बाकीच्या सांगायच्या म्हणजे लबाडी होईल. म्हणून दोन्ही लिहिते.

आधी मी या धंद्यात का पडले ते सांगते. माझे वडील एका सरकारी कचेरीत शिपाई होते. साहेबलोक इंग्रजीत बोलायला लागले की वडील खोलीत असून नसल्यासारखे व्हायचे. एकदा एक कागद त्यांनी स्वतःच्या हातानं या टेबलावरून त्या टेबलावर नेला. तो त्यांच्याच बदलीचा होता, हे त्यांना आठ दिवसांनी कळलं. त्या संध्याकाळी भिंतीवरच्या निळ्या कोटातल्या फोटोसमोर त्यांनी आम्हा दोघी बहिणींना बसवलं आणि म्हणाले, "इंग्रजी शिका. पोटासाठी न्हवं, मान वर ठिवायला." त्यामुळे इंग्रजीच्या नावानं कुणी नाकं मुरडायला लागलं की मला आजही राग येतो. ज्यांच्या घरात तीन पिढ्या इंग्रजी नांदतंय त्यांना मराठीचा कळवळा परवडतो. आम्हाला आधी मान वर करायची होती.

बाहेरच्यांना वाटतं, स्पोकन इंग्लिशच्या क्लासात इंग्रजी शिकवतात. तसं काही नसतं. पहिला महिनाभर फक्त लाज घालवायची असते. माणूस इंग्रजी बोलायला लागला की त्याचा आवाज बसतो, खांदे पडतात, घाम फुटतो. आमच्याकडे मात्र उलटंही व्हायचं. कोल्हापूरचा माणूस मुळातच शेताच्या या बांधावरून त्या बांधावर ऐकू जाईल असा बोलतो. इंग्रजीत शब्द सापडला नाही की तो आवाज आणखी चढवायचा. एक गुळाचे व्यापारी यायचे. परदेशातल्या गिऱ्हाइकाशी त्यांना फोनवर बोलायचं होतं. त्यांचं 'गुड मॉर्निंग' ऐकून खालचे वकील धावत वर आले होते. मी म्हटलं, "शेठ, हळू." तर म्हणाले, "मॅडम, लंडन हाय ते, इचलकरंजी न्हाय. हळू बोलून पोचंल व्हय?"

एक पैलवान होते. खेळाडूंच्या कोट्यातून नोकरीची मुलाखत आली होती. माझ्या खुर्च्या त्यांना पुरायच्या नाहीत, म्हणून दोन बाकं जोडून बसायचे. "समोर कुणी बी उभा करा, मागं सरणार न्हाय," ते म्हणायचे, "पण हे 'टेल मी समथिंग अबाऊट युवरसेल्फ' तेवढं नगं." दीड महिना मी त्यांच्याकडून त्यांची कुस्ती इंग्रजीत सांगून घेतली. नोकरी लागल्यावर ते दुधाची चरवी घेऊन आले आणि वाकून नमस्कार करायला लागले. मी मागं सरले. आमच्या घरातल्या माणसांनी आयुष्यभर इतकं वाकलेलं होतं की दुसरं कुणी वाकलेलं मला बघवत नाही. हे सगळं मी अभिमानानं सांगते. तेवढं पुण्य माझ्या पदरात आहे.

मग आया यायला लागल्या. तीन वर्षांच्या पोराचा इंग्रजी शाळेतला प्रवेश, त्यासाठी पोराची मुलाखत, आणि पोराच्या आधी आईबापाची. पोरापेक्षा आईच जास्त थरथरायची. या कामासाठी मी एक पद्धत बसवली होती. वैद्य औषधाबरोबर पथ्य सांगतात तसं मीही पथ्य सांगायचे. सहा महिने घरात मुलाच्या कानावर मराठी पडू द्यायचं नाही. नुसतं सांगून भागायचं नाही, म्हणून मी स्वतः घरी जायचे, सगळ्यांना एकत्र बसवायचे आणि एकेकाकडून कबूल करून घ्यायचे. घरोघर जाणारी मॅडम म्हणून माझं गावात नाव झालं होतं. माझ्याकडून तयार झालेलं पोर सहसा नापास व्हायचं नाही.

असंच एक घर फुलेवाडीचं. मुलगा फाउंड्रीत सुपरवायझर, सून माधुरी, तिचा तीन वर्षांचा वेद आणि वेदचे आजोबा. त्यांना सगळी गल्ली आप्पा म्हणायची. आप्पा एसटीत कंडक्टर होते. उभी नोकरी गगनबावड्याच्या गाडीवर काढून वर्षापूर्वीच निवृत्त झालेले. बायको आधीच गेलेली. घाटात धुक्यानं गाडी दोन-दोन तास अडकली तरी हा माणूस प्रवाशांना कंटाळू द्यायचा नाही, अशी त्यांची ख्याती. घरात वेद त्यांच्या खांद्यावरच असायचा. आजोबा बोलायचे आणि नातू त्यांच्या तोंडाकडं बघत तसंच्या तसं म्हणायचा.

मी सोफ्यावर बसले आणि पोराला सरावाचा पहिला प्रश्न विचारला, "व्हॉट इज युवर नेम?" वेद टुणकन उभा राहिला, एक हात वर धरला आणि ओरडला, "बालिंगा, कळे, साळवण, गगनबावडाऽ! पुढं सरका की पावणं, मागं माणसं हायती!"

मला हसू आवरेना. आप्पा तर मांडी थोपटत हसत होते. माधुरीच्या मात्र डोळ्यांत पाणी आलं. "बघितलंत ना मॅडम? हे असं शाळेत म्हणाला तर?"

त्या पाण्यानं मी सावध झाले. मी आप्पांकडं वळले आणि माझा ठरलेला आवाज लावला. "आप्पा, मुलाचं भलं व्हावं असं वाटतं ना? मग तुम्हाला सगळ्यात कडक पथ्य. सहा महिने त्याच्याशी बोलायचं नाही."

"अजिबात न्हाय?"

"इंग्रजीत बोला."

"मला कुठलं येतंय? लई झालं तर 'फुल तिकीट, हाफ तिकीट'."

"मग नुसतं हसा. मान हलवा. प्रेम करायला भाषा लागत नाही आप्पा."

हे वाक्य मी त्या काळात घरोघर म्हणायचे. ऐकणाऱ्याला बरं वाटायचं. आप्पांनी थोडा वेळ नातवाच्या केसांतून हात फिरवला आणि म्हणाले, "बरं. सहा म्हैनं म्हंजे काय, बघता बघता जातील. पोराच्या वाटंत आपलं तोंड नगं."

आप्पांनी पथ्य पाळलं. माधुरी मला दर आठवड्याला सांगायची. वेद खांद्यावर चढायचा, दाढी ओढायचा, "आप्पा, बोल की," म्हणून रडायचा. आप्पा ओठांवर बोट ठेवून हसायचे. फारच अनावर झालं की चपला घालून नाक्यावरच्या चहाच्या गाड्यावर जायचे. दोन महिन्यांत वेदचं मागणं थांबलं. चौथ्या महिन्यात तो 'आय वाँट वॉटर' म्हणायला लागला. त्याला प्रवेश मिळाला, पेढे आले. पुढची कितीतरी वर्षं मी दुसऱ्या आजी-आजोबांना आप्पांचं उदाहरण देत होते. "फुलेवाडीच्या आप्पांकडं बघा," म्हणायचे.

वर्षभरात वेदच्या वडिलांना बेंगळुरूच्या एका कंपनीत नोकरी लागली आणि सगळं कुटुंब, आप्पांसकट, तिकडं गेलं. मी त्यांना विसरले.

दरम्यान माझ्या क्लासाचं रूप पालटलं. इंग्रजीला येणारे कमी झाले आणि आया वेगळ्याच कामासाठी यायला लागल्या. "मॅडम, मराठीचं काही घेता का? सगळ्या विषयांत नव्वद आहेत, मराठीत काठावर." म्हणजे ज्या घरांतून मी मराठी बाहेर काढलं होतं, त्याच घरांत ते परत नेऊन घालायचं काम माझ्याकडं आलं. मला त्यात विनोद दिसला. मी पाटीच्या खाली एक ओळ वाढवली.

त्या ओळीमुळं एक दिवस माधुरी पुन्हा जिना चढून आली. आठ वर्षांनी सगळे फुलेवाडीला परतले होते. सोबत बारा वर्षांचा उंच, शांत, गुणी मुलगा. बेंगळुरूच्या शाळेत मराठी नव्हतं, सोसायटीतल्या पोरांत नव्हतं आणि घरात तर मुद्दाम नव्हतं. 'जेवायला चल', 'झोप आता' एवढं त्याला समजायचं. भराभर बोललं की चेहरा कोरा व्हायचा. इथल्या शाळेत मराठी आलं आणि तो अडकला.

मी त्याला म्हटलं, इंग्रजीतूनच म्हटलं, की अरे, तुला माझी काय गरज? तुझ्या घरात गगनबावडा लाइनीवरचा सगळ्यात बोलका माणूस बसलाय. तुझे आजोबा.

वेद गोंधळला. "आप्पा? नो मॅम. आप्पा डझन्ट टॉक. ही इज अ व्हेरी क्वाएट पर्सन."

त्या वाक्यानंतर मी त्याला काय शिकवलं ते मला आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी फुलेवाडीला गेले. आप्पा नाक्यावर चहाच्या गाड्यापाशी होते. भोवती चार माणसं, आणि आप्पांचा आवाज रस्त्याच्या पलीकडून ऐकू येत होता. मला बघितल्यावर उठले, घरी घेऊन आले. उंबरा ओलांडला आणि त्यांचा आवाज आपोआप खाली आला. घरात कुणी नव्हतं, तरी आला.

"आप्पा, तुम्ही वेदशी बोलत नाही?"

"तुमीच सांगितलं व्हतं की."

"सहा महिने सांगितलं होतं हो!"

"व्हय. सहा म्हैनं झालं तवा मी सूनबाईला इचारलं. ती म्हणाली, पहिलीत जाऊ दे आप्पा. मग म्हणाली, तिकडच्या शाळंत रुळू दे. तिचं बी काय चुकलं न्हाय. मग मी इचारायचं सोडलं. एकदा बेंगळूरात घरात दोघंच व्हतो. म्हटलं, आता बोलावं. म्हणालो, 'ये की रं हिकडं, बस माझ्याजवळ, तुला घाटाची गोष्ट सांगतो.' त्यानं माझ्याकडं बघितलं आन् लई अदबीनं म्हणाला, 'सॉरी?' पाव्हण्याला म्हणावं तसं. मॅडम, मग तोंडच उघडंना."

मी रडले. आप्पाच उलट मला पाणी द्यायला उठले. पथ्य घालणाऱ्यानं ते सुटल्याचंही सांगायचं असतं. मी शेकडो घरांत पथ्य घातलं. सोडवायला एकाही घरात गेले नाही. प्रवेश झाला, पेढे आले, की माझं काम संपायचं.

"आजपासून सुटलं, आप्पा," मी म्हटलं. "उद्यापासून त्याच्याबरोबर क्लासला या."

ते आले. इस्त्रीचा शर्ट घालून, बाकाच्या टोकावर अवघडून बसले. वेद त्यांच्या शेजारी वही उघडून. मी म्हटलं, आप्पा, गाडीतलं काहीही सांगा. पहिल्या दिवशी त्यांना काही सुचेना. दुसऱ्या दिवशी धुक्यातला एक किस्सा निघाला. घाटात पुढचं दिसेना, म्हणून आप्पा खाली उतरले आणि पांढरा रुमाल हलवत गाडीपुढं चालायला लागले. निम्म्या वाटेत बघतात तर मागं गाडीच नाही. ड्रायव्हर दुसऱ्याच कुणाच्या पांढऱ्या टोपीमागं गाडी घेऊन थेट एका खळ्यात शिरला होता. आप्पा हात पसरून, डोळे मोठे करून सांगत होते. वेद त्यांच्या हाताकडं बघत होता. रुमाल त्याला कळला, टोपी कळली, खळं कळलं नाही. तो माझ्याकडं वळला. मी इंग्रजीत सांगितलं आणि मग तो हसला, अगदी मनापासून हसला.

असे पाच-सहा आठवडे गेले. एका भिंतीच्या अलीकडं-पलीकडं झोपणारी दोन माणसं, आणि त्यांच्यामध्ये मी दुभाषी. वेदला ओढ लागली होती. क्लास सुटल्यावर तो आप्पांचं बोट नाही तरी शर्टाची बाही धरून जिना उतरायचा. मला वाटायला लागलं होतं की जमेल. वर्ष लागेल, दोन लागतील, पण जमेल.

मग एक दिवस आप्पा गोष्ट अर्ध्यावर सोडून म्हणाले, "ऱ्हाऊ द्या, मॅडम."

"का हो?"

"गाडीत माणूस हसलं की जाग्यावर कळायचं, पुढचं बोलायला हुरूप यायचा. ह्यो तुमी सांगितल्यावर हसतोय. तवर माझं हसू शिळं हुतंय." त्यांनी वेदच्या पाठीवर हात ठेवला. "तुमी ह्येला पुस्तकातलं शिकवा. परीक्षा महत्त्वाची. माझं काय."

मी आग्रह करायला हवा होता. पैलवानाला दीड महिना बसवून घेणारी मी, आप्पांना 'बरं' म्हणाले. वाटलं, सुट्टीत बघू. वेद पास झाला, त्रेसष्ट मिळाले. माधुरी पेढे घेऊन आली. मी खाल्ला नाही.

पावसाळ्यात आप्पांच्या छातीत दुखायला लागलं. दवाखान्यात ठेवलं. मी एकदा जाऊन आले; दमले होते, पण नर्सला गाव कुठलं विचारून तिच्या गावाला गाडी कशी जाते ते सांगत होते. डॉक्टर म्हणाले, दोन-तीन दिवसांत घरी सोडू.

चौथ्या दिवशी दुपारी मला फोन आला. वेद होता. माधुरी घरी डबा करायला गेली होती, वडील खाली औषधं आणायला गेले होते. खोलीत दोघंच. वेदचा आवाज घाबराघुबरा झाला होता. "मॅम, आप्पा इज टॉकिंग टू मी. ही इज टॉकिंग अ लॉट. आय डोन्ट... कॅन यू प्लीज लिसन?" आणि त्यानं फोन आप्पांच्या तोंडाजवळ धरला.

आवाज फाटलेला होता, शब्द एकमेकांत मिसळत होते. पण आप्पा बोलत होते, घरात कधी बोलले नव्हते तसे. "तू झालास ना, तवा मी ड्यूटीवर व्हतो. साळवणला सांगावा आला. गाडी थांबवली आन् आख्ख्या गाडीला पेढं वाटलं. येक म्हातारी पेढा हातात धरून मला म्हणाली, मास्तर, पोरगा तुमच्यावाणीच बोलका निघंल बघा..." मग धाप लागली. बराच वेळ नुसता श्वास ऐकू आला. मग आप्पा म्हणाले, "उमजतंय न्हवं रं, मी काय म्हणतोय ते?"

फोन वेदच्या कानाशी गेला. "मॅम, ही आस्क्ड समथिंग. व्हॉट इज ही आस्किंग?"

सांगायचं होतं ते सगळं सांगायला वेळ नव्हता. पेढे, साळवण, म्हातारी, हे इंग्रजीत करून होईतो आप्पांचं शिळं झालं असतं. मी म्हटलं, "वेद, जस्ट से, 'व्हय, आप्पा.'"

"व्हॉट डझ इट मीन?"

"नंतर सांगते. आधी म्हण."

"व्हय, आप्पा," वेद म्हणाला. अगदी स्वच्छ म्हणाला.

पलीकडं आप्पा हसले. त्यांना पुन्हा हुरूप आला आणि ते बोलायला लागले. त्याच्या आजीबद्दल, त्याच्या बापानं लहानपणी केलेल्या खोड्यांबद्दल, आणि इतकी वर्षं त्याच्याशी बोलायचं म्हणून मनात काय काय जमवून ठेवलं होतं त्याबद्दल. ते धाप घ्यायला थांबले की वेद म्हणायचा, "व्हय, आप्पा." मी फोन बंद केला नाही. वेदचे वडील औषधं घेऊन वर येईपर्यंत कानाशी धरून बसले. आप्पा त्याच आठवड्यात गेले. त्या दुपारचं सगळं बोलणं वेदसाठी होतं, आणि ते कळलं फक्त मला.